हेंद्रेपाड्यातला पियानो

निवृत्त झालेल्या नवऱ्याला दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न बदलापूरला आमच्या हेंद्रेपाड्याच्या सोसायटीतल्या प्रत्येक बाईने आपापल्या परीने सोडवलेला आहे. एकीचे मिस्टर सकाळी हास्यक्लबात जातात आणि उरलेला दिवस घरात तोंड पाडून बसतात. एकीचे सोसायटीचे सेक्रेटरी झाले, त्यामुळे त्यांचा त्रास सगळ्या बिल्डिंगमध्ये समान वाटला जातो. एकीचे बाल्कनीत कोथिंबीर लावतात. ती आजवर कोणाच्या आमटीत पडल्याचं ऐकिवात नाही. माझ्या वाट्याला पियानो आला. तो विकत आणलेला नाही आणि वाजवायला शिकावा म्हणूनही घेतलेला नाही. आमच्या यांनी तो घरी, स्वतःच्या हातांनी, अथपासून इतिपर्यंत बनवायला घेतला. घरात पियानो वाजवता येणारं कोणी नव्हतं, आजही नाही, हे आधीच सांगून टाकते. येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तेच विचारतो आणि मला आता उत्तर द्यायचा कंटाळा आलाय.

याचं मूळ अंबरनाथला आहे. तिथल्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात हे नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. खातं इन्स्पेक्शनचं. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला माल हातात घ्यायचा, मापून बघायचा, आणि केसभर कमीजास्त भरला की लाल चिठ्ठी बांधून बाजूला फेकायचा. नाही म्हणण्याची नोकरी फार थोड्यांना मिळते. त्यातला एक माझ्या घरात आला. स्प्रिंगांसाठी जी सगळ्यांत उत्तम पोलादी तार येते तिला कारखान्यात ‘पियानो वायर’ म्हणतात. यांनी जन्मभर ती तार ताणून, पिळून, वाकवून, तोडून तपासली. पियानो मात्र टीव्हीवर पाहिला असेल तेवढाच. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन झाल्यावर हे भाषणात म्हणाले की ही तार जिथे जायला हवी तिथे आता मी तिला घेऊन जाणार आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण मला ते भाषण वाटलं.

कानांचं प्रकरण त्याच सुमाराला निघालं. मी पिशव्या घेऊन दारात उभी राहून बेल दाबतेय आणि हे आत निवांत पेपर वाचतायत, असं दोनतीनदा झालं. मी ते स्वभावावर घातलं. मग एकदा मोबाईल यांच्या खिशातच वाजत राहिला आणि हे मला विचारायला लागले की कोणाचा फोन येत नाही हल्ली. स्टेशनपलीकडे पूर्वेला कानाच्या डॉक्टरीण बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी यांना एका काचेच्या खोलीत बसवलं आणि बाहेर कागदावर एक रेघ काढली. रेघ डावीकडे बरी चालली होती, उजवीकडे बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली आली. कारखान्याच्या आवाजात वर्षं काढली की बारीक, उंच आवाज आधी जातात, असं त्या म्हणाल्या. आता उरलेलं काम वय करील. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं कळेल, पण वरचं जे गेलं ते परत येणार नाही, आणि अजून किती जाईल, कधी जाईल, ते सांगता येत नाही. कारखान्यात कानात घालायला बोंडं मिळायची की नाही, असं त्यांनी विचारलं. मिळायची. हे घालत नसत. चांगली स्प्रिंग टेबलावर टाकली की आवाजावरून ओळखू येते आणि बोंडं घातली की ते कळत नाही, असं यांचं म्हणणं. दुसऱ्याचा माल नापास करता यावा म्हणून स्वतःचे कान देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

 परत येताना रिक्षा पूल उतरल्यावर हे म्हणाले, “पूर्ण जायच्या आत मला तो ऐकायचाय. मी केलेला. सगळाच्या सगळा, शेवटच्या पट्टीपर्यंत.”

 

कान मुळात फार चांगले होते, हेही सांगायला हवं. सासरे अंबरनाथच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. भीमजयंतीच्या दिवसांत ते घरी जेवायलासुद्धा सापडत नसत. मुलाला मात्र त्यांनी पेटीला हात लावू दिला नाही, अभ्यास कर म्हणाले, आणि मुलाने तो केला. पण कोणाचा सूर कुठे घसरला हे न शिकता कळण्याची खोड रक्तात उतरलीच. आमच्या लग्नात मी हार घेऊन समोर उभी आणि हे मान वळवून बँडवाल्याकडे बघतायत, कारण त्याचं क्लॅरनेट उतरलं होतं. तो फोटो अल्बममध्ये आहे. लोकांना वाटतं, नवरदेव लाजलाय.

तर पियानो. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली की बाबा, कीबोर्ड घ्या ना चांगला, परवा घरी येईल. हे म्हणाले, त्यात तार नाही. विषय संपला.

पियानोच्या पोटात एक पातळ लाकडी फळी असते. तारेचा आवाज खरा तीच मोठा करते. ती स्प्रूस नावाच्या झाडाची लागते आणि ते झाड थंड देशात उगवतं. बदलापुरात काय उगवतं ते मी सांगायला नको. पण अंबरनाथच्या कारखान्यांत परदेशातून मोठमोठी यंत्रं येतात, ती ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांना हेच लाकूड असतं, आणि ती खोकी फुटून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जातात. यांना हे माहीत होतं. मग आम्ही तिथे. एका सिंधी शेटच्या दुकानामागे फळ्यांचा ढीग होता आणि हे प्रत्येक फळी एका टोकाला धरून, कान लावून, बोटाने ठोकत बसले. शेटने बराच वेळ सोसलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला की साईं, दीमक नहीं है, बाहर का माल है. यांचं लक्ष नाही असं पाहून त्याने मला विचारलं, “भाभीजी, साहब को बनाना क्या है? बेड?”

“पियानो,” मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “बन जाएगा,” म्हणाला. “कौन सा मॉडल चाहिए, फोटो दिखाओ.” उल्हासनगरवर माझा जीव आहे तो यासाठी.

पियानोचा सांगाडा ओतीव लोखंडाचा असतो, कारण सगळ्या तारा मिळून त्याला ओढतात ते वजन भरलेल्या ट्रकाएवढं होतं. ही माहिती यांनी मला जेवताना दिली, आणि तो सांगाडा हॉलमध्येच राहणार आहे हेही. एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फाउंड्रीत तो ओतून घेतला. पहिला तडकला, दुसरा यांनी नापास केला, तिसरा मालकाने स्वतः टेम्पोत घालून घरी पोचवला आणि यांना पुन्हा फाउंड्रीत न यायची प्रेमाने विनंती केली. आमची बिल्डिंग नदीपासून फार लांब नाही आणि आम्ही तळमजल्यावर. उल्हास नदी एखाद्या पावसाळ्यात न बोलावता घरात येऊन जाते, म्हणून सांगाडा सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवला. फ्रिज मात्र जमिनीवरच राहिला. त्यावरून घरात कोणाची काय पायरी आहे ते मला कळलं.

आवाजाच्या फळीला मागून लाकडी फासळ्या चिकटवतात आणि ते करताना लाकूड अगदी कोरडं लागतं. मग पुढे ते हवेतलं पाणी पिऊन किंचित फुगतं आणि फळीला मधोमध पोट येतं. त्या पोटावर तारा दाबून बसल्या की ती बोलते. हे काम हिवाळ्यात करायचं असतं. आमच्याकडे ते मे महिन्यात झालं, कारण शेटची खोकी तेव्हा फुटली. खिडक्या बंद, पंखा बंद, आणि हवा कोरडी व्हावी म्हणून खोलीत चोवीस तास मोठाले बल्ब. बदलापूरच्या मे महिन्यात लोक खोली गार करायला धडपडतात. आमच्याकडे ती तापवत होते. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहायचे कारण घरात त्यातल्या त्यात थंड जागा गॅसजवळ होती. पण फासळ्या बसल्या आणि पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती फळी खरंच पोट काढून उभी राहिली. यांनी ठोकून दाखवली. आवाज खोल आणि गोल आला. मी म्हणाले, बरी आहे. मनात म्हणाले, कमाल आहे, आणि ते मनातच ठेवलं, कारण हे लगेच चहा मागतात.

बाहेरचं कपाट शेटच्या कारखान्यात झालं. पहिल्यांदा त्याने दोन्ही बाजूंना मोर कोरून पाठवले. परत गेलं. दुसऱ्यांदा मोर गेले आणि सोनेरी पट्टी आली, शिवाय वरच्या झाकणावर संगमरवरी डिझाइनचा सनमायका. तोही परत. तिसऱ्यांदा साधं काळं पॉलिश होऊन आलं. आणताना शेट जातीने आला आणि रिकाम्या घरासारखं दिसतंय म्हणून हळहळला.

पट्टी दाबली की आत एक हातोडी उठून तारेवर पडते. प्रत्येक पट्टीची हातोडी वेगळी, आणि प्रत्येकीवर लोकरीचा दाबलेला जाड नमदा गुंडाळलेला. तो कारखान्यात पॉलिशला वापरतात त्यातला आणला. पण नमदा कडक असला तर आवाज पत्र्यासारखा येतो, म्हणून सुईने टोचून तो मऊ करायचा. मी प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलं, कार्यानुभवाच्या तासाला पोरांकडून रुमाल शिवून घेतले. सुया माझ्या डब्यात. त्यामुळे हे काम माझं ठरलं, कोणी विचारलंच नाही. मी भाजी निवडल्यासारखी मांडीवर हातोड्या घेऊन टोचत बसायचे. हे एकेक पट्टी वाजवायचे आणि म्हणायचे, अजून. अजून. बस. मग शेजारची वाजवायची आणि दोघींचा आवाज एका जातीचा येईपर्यंत तेच. या कामात माझाही कान हळूहळू तयार होत होता, ते मला तेव्हा कळलं नाही.

तारा आणि हातोड्या दोन्ही बसल्यावर घराला प्रदर्शनाची कळा आली. अंबरनाथहून सासऱ्यांच्या गायन पार्टीतले उरलेले लोक बघायला आले. जय भीम झाला, चहा झाला. सगळ्यांनी पियानोभोवती फिरून मान डोलावली आणि मग त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर गृहस्थांनी विचारलं की जयंतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर चढवता येईल का. यांनी वजन सांगितलं. ते म्हणाले, मग दोन टेम्पो लावू.

इथवर सगळं ठीक होतं. यांना वरचं बरंचसं अजून ऐकू येत होतं. नुसत्या ताणलेल्या तारा हे नखाने छेडायचे, अगदी उजवीकडच्या बारीक तारेपर्यंत, आणि समाधानाने मान हलवायचे. मला वाटलं, जमलं बाई. आता सूर लावायचे आणि ऐकायचा. महिन्याभराचं काम.

सूर लावायची पद्धत यांनी स्वतः ठरवली. सा लावायचा, त्यावरून पंचम जुळवायचा. मग त्या पंचमाला सा धरून त्याचा पंचम, मग त्याचा. असे बारा सूर फिरून झाले की गाडी पुन्हा पहिल्या सा वर येते. दोन तारा नीट जुळल्या नसतील तर आवाजात एक हेलकावा येतो, वॉव-वॉव असा. पाना घेऊन तार गुंडाळलेली खुंटी जराशी फिरवत गेलं की तो मंदावतो, आणि जुळल्या की थांबतो. आवाज सरळ रेघेत जातो. हेलकावा म्हणजे नापास, रेघ म्हणजे पास. इन्स्पेक्शनवाल्याला याहून सुखाचं काम कोणतं? हे बारा घरं फिरले, प्रत्येक जोडी तासून तासून सरळ केली, आणि शेवटी सा वर येऊन वाजवतात तर तो सा पहिल्या सा ला ओळख दाखवेना. चढा लागला. सगळ्या जोड्या पास आणि अख्खा पियानो नापास.

यांनी परत पहिल्यापासून केलं. परत तसंच. आणखी काळजीने केलं. तेवढंच चढं. मग दोषी शोधायला सुरुवात झाली. आधी खुंट्या सरकतायत असं ठरलं. मग हवेचा दोष निघाला, मग बिल्डिंगच्या पाण्याच्या पंपाचा. माझ्या कुकरच्या शिट्टीवरही दोनतीन दिवस संशय होता. शेवटी खुंट्या ज्या फळीत ठोकलेल्या असतात ती फळीच कच्ची आहे असा निकाल लागला, आणि या माणसाने चढवलेल्या सगळ्या तारा उतरवल्या. सगळ्या. फळी काढली, नवी केली, शिशवीचे थर एकावर एक चिकटवून, महिनोन् महिने. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मुलगी येऊन गेली. आपली पद्धतच चूक असेल असं एकदाही मनात आलं नाही. कसं येणार? जन्मभर यांना चूक सापडली ती दुसऱ्याच्या मालात.

आणि या महिन्यांत कान चालले होते. मला दिसत होतं. आधी कबुतरांच्या पिल्लांची चींचीं गेली. मग दुधाच्या भांड्यात फिरणाऱ्या चमच्याची किणकिण. कानातलं मशीन आलं. ते बोलणं मोठं करायचं, पण वरचं नाहीच. मी यांना म्हणाले की फळी राहू दे, तारा चढवा, जसा असेल तसा एकदा ऐकून घ्या. हे म्हणाले, चुकीचा ऐकून काय करू. मला इतका राग आला की मी उठून भांडी घासायला गेले, आणि भांडी आधीच घासलेली होती.

नवी फळी बसली, तारा चढल्या, हे बारा घरं फिरले, आणि सा पुन्हा तेवढाच चढा लागला. केसभरही इकडेतिकडे नाही. तेव्हा कुठे साहेबांनी मोबाईल काढून दुसरे लोक काय करतात ते बघितलं. कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा खाली अक्षरं येतात अशा व्हिडिओत हळू हळू समजावत होता. हे दोनदा बघून स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसले.

“मुद्दाम चुकवायचं असतं,” म्हणाले.

मी विचारलं, काय.

“प्रत्येक पंचम. किंचित उतरता ठेवायचा. मुद्दाम. एकही बरोबर लावायचा नाही, तेव्हा सगळा बरोबर लागतो. सगळे शुद्ध लावले तर बेरीज जमतच नाही. जगात कोणाचीच जमत नाही.”

एवढ्याशा गोष्टीसाठी एक पावसाळा आणि एक दिवाळी गेली होती. माझ्या जिभेवर बरंच काही आलं. पण यांचा चेहरा असा झाला होता की जणू कोणी घरी येऊन सांगितलंय की तुम्ही फेकलेला सगळा माल चांगला होता. मी म्हणाले, अहो, या घरात तरी कोण कोणाशी पुरतं जुळतं? थोडं थोडं प्रत्येकाने सोडलंय म्हणून चाललंय. हे म्हणाले, ते वेगळं. मग काही दिवस पियानोला हात लावला नाही. जाता-येता त्याच्याकडे बघायचे, फसवणूक झालेल्या माणसासारखे.

शेवटी बसले. जोडी सरळ करायची आणि मग पाना हलकासा मागे घेऊन तिच्यात हेलकावा परत सोडायचा, अगदी संथ. पहिल्या दिवशी हात धजेना. सरळ लागलेली जोडी बिघडवताना हे अक्षरशः डोळे मिटून घ्यायचे, इंजेक्शन घेताना घेतात तसे. पण बारा घरं फिरले आणि या वेळी सा ला सा भेटला. मग यांनी तीन पट्ट्या एकदम दाबल्या. मी कणीक मळत होते, तसेच कणकेचे हात घेऊन बाहेर आले. मला संगीतातलं काही कळत नाही, पण हॉलमध्ये उजेड वाढल्यासारखं झालं. मी तिथेच उभी राहिले आणि मला फार अभिमान वाटला. तो मी बोलूनही दाखवला. हे म्हणाले, अजून वरचं राहिलंय.

ते वरचं. एकेक सूर लावत हे उजवीकडे सरकत गेले. शेवटच्या हातभर पट्ट्यांवर आल्यावर एका दुपारी थांबले. एक पट्टी दाबली, पुन्हा दाबली. मला म्हणाले, हातोडी जास्त मऊ झालीय, तू जास्त टोचलंस, नुसतं लाकूड वाजतंय. मला तर तो सूर स्वच्छ ऐकू येत होता. मी काही बोलायच्या आत यांनी हातोडी काढली, नवा नमदा लावला, परत बसवली, दाबली. “ठक,” म्हणाले. “बघ. नुसतं ठक.” शेजारची दाबली. तिच्यापुढची दाबली. मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून यांना कळलं. मला चेहरा लपवायला वेळच मिळाला नव्हता.

 हे स्टुलावरून शांतपणे उठले, पक्कड घेतली, आणि सगळ्यांत उजवीकडच्या तारेची खुंटी सैल करायला लागले. मी विचारलं, काय करताय.

“उतरवतो. जे मला तपासता येत नाही ते मी पास करू शकत नाही. इथवरच राहील पियानो.”

मी आयुष्यात शाळेतल्या पोरांवर ओरडले असेन, यांच्यावर ओरडायची पद्धत नव्हती. तेव्हा ओरडले. म्हणाले की माझा हॉल गेला, माझा मे महिना गेला, माझ्या सुया बोथट झाल्या, आणि आता हा गृहस्थ मला अर्धवट वस्तू देऊन मोकळा होणार? तुमचे कान गेले, माझे आहेत. मी या घरात नाही का? यांनी मशीन कानात नीट बसवलं, कारण अर्धं ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून म्हणाले.

गॅस बंद केला की नाही हे माझ्यानंतर उठून बघणारा हा माणूस. कुलूप मी लावलं की ओढून बघणार. भाजीत मीठ घातलंय असं मी सांगितलं तरी चाखणार. त्यांनी पक्कड खाली ठेवली.

मग पुढचे दिवस असे गेले की पाना यांच्या हातात आणि कान माझे. वरच्या प्रत्येक सुराला तीन तारा असतात. त्यातल्या दोन कापडाच्या पट्टीने दाबून धरायच्या, एक लावायची, मग दुसरी तिच्याशी जुळवायची, मग तिसरी. हेलकावा ऐकू आला की मी हात हलवायचे, मंदावला की हात मंद, थांबला की मूठ. हे डोळे माझ्या हातावर ठेवून खुंटी फिरवायचे, इतकी थोडी की खुंटी फिरतेय हे बघून कळत नसे. माझा कान नवखा म्हणून हे पहिल्या काही सुरांना माझ्याकडून दोन-दोनदा होकार वदवून घ्यायचे. नक्की? नक्की. मूठ? मूठ. नंतर विचारायचे थांबले. मला टोमणा मारायची उत्तम संधी होती. मी ती सोडली, आणि माझ्या ओळखीच्या कोणालाही हे खरं वाटणार नाही.

एका सकाळी शेवटची तार लागली. मी मूठ धरली. यांनी पाना ठेवला, हात पुसले, झाकण बसवलं, आणि स्टूल ओढून बसले. वाजवता काहीच येत नाही, त्यामुळे सगळ्यांत डावीकडची पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची. सगळ्या. डोळे मिटून. खालचे सूर जमिनीतून आल्यासारखे, मग मधले, अंगणात कोणी बोलावं तसे. हे ऐकत होते. तोंडावर असं काही होतं जे मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही. मी पियानोच्या उजव्या अंगाला उभी होते.

मग एका पट्टीवर यांनी डोळे उघडले. मला कळलं की ती सीमा आली. पट्ट्या दाबायचं थांबवलं नाही. फक्त आता माझ्याकडे बघत एकेक दाबत चालले. मी सूर ऐकत होते आणि हे माझा चेहरा. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्या चेहऱ्याकडे एवढ्या लक्षाने कधी बघितलं नव्हतं, आणि मला रडायची परवानगी नव्हती, कारण रडले असते तर यांना वाटलं असतं की सूर चुकलाय. मी आवाज येत होता तसा चेहरा ठेवला. बारीक, स्वच्छ, आणखी बारीक.

शेवटची पट्टी दाबली. त्या टोकाचा सूर फार टिकत नाही; वाजतो न वाजतो तोच विरतो. तो केव्हाच विरला. हे अजून माझ्याकडे बघत होते, म्हणून मी ऐकतच राहिले.